तिसरे आवर्त आणि सांगलीची हळद

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. गॅदरिंग, सहली आणि छडी यांवर बाकीची मंडळी भरभरून लिहितीलच. मी प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या आवर्तसारणीबद्दल लिहितो. दहावीत तिचे बाण, म्हणजे गुणधर्म कुठल्या दिशेने वाढतात-घटतात ते दाखवणारे, पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले अकरावीत त्याच बाणांपाशी अडखळतात.

आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे अणुत्रिज्या घटते, हे सगळ्यांना येते. का घटते विचारले की गाडी अडते. इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू फुगायला हवा, असे मुलांना वाटते आणि त्यांचे वाटणे अगदीच चूक नाही. पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, केंद्रकात मात्र एक प्रोटॉन वाढतो. एका कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसे झाकत नाहीत, म्हणून सगळेच आत खेचले जातात. लिथियम 152 पिकोमीटर, बेरिलियम 111, बोरॉन 88, कार्बन 77. गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली उतरताना कवचच नवे येते: सोडियम 186, पोटॅशियम 231.

माझे म्हणणे एवढेच, की आधी आलेख काढून घ्यावा, बाण मागाहून. पहिल्या आयनन ऊर्जेचे, म्हणजे अणूतला पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे आकडे (किलोज्यूल प्रति मोल) मांडले की रेषा सरळ चढत नाही, हे मुलांनाच दिसते. बेरिलियम 899 आणि पुढचा बोरॉन 801. नायट्रोजन 1402 आणि ऑक्सिजन 1314. 2एस आणि 2पी ही दुसऱ्या कवचाची उपकवचे; बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन 2पी मध्ये, म्हणजे 2एस पेक्षा वरच्या ऊर्जेला असतो, म्हणून सहज सुटतो. ऑक्सिजनमध्ये 2पी चा चौथा इलेक्ट्रॉन आधीच्या एकाशी जोडी करून बसतो, त्यांच्यातले प्रतिकर्षण त्याला बाहेर काढायला मदत करते. खालच्या आवर्तात मॅग्नेशियम 738, ॲल्युमिनिअम 578. फॉस्फरस 1012, गंधक 1000. तोच खड्डा, त्याच जागी. याला अपवाद म्हणून चौकटीत टाकणे मला पटत नाही, नियमाचे कारण इथेच उघडे पडते.

आता टेबलावर यावे. ऑक्साइडांचा आम्लारिधर्म उजवीकडे जाताना कसा मावळतो, हे तिसऱ्या आवर्तात (सोडियमपासून पुढे) दाखवता येते, आणि दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्लारी ओळखणारा पदार्थ, आपल्या घरचाच आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रयोगशाळेत तिला मान मिळायला हरकत नसावी. चहाचा एक चमचा हळद 50 मिलिलिटर स्पिरिटमध्ये अर्धा तास ठेवा (दिवा लांब!), गाळा, गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. पाणी वापरू नये, रंगद्रव्य त्यात जवळजवळ उतरतच नाही.

कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबाने पट्टी लगेच गडद लाल होते; सोडियमचा तुकडा बाटलीतून काढायची गरज नाही. मॅग्नेशियमची तीन-चार सेंटिमीटर फीत काचकागदाने चकाकेपर्यंत घासा, काळपट थर राहिला तर ती नीट पेटत नाही. जळताना ज्योतीकडे थेट पाहू नये. राख वॉच ग्लासमध्ये घेऊन चार-पाच थेंब पाण्यात कालवा आणि काही मिनिटे थांबा. इथेच घाई होते. कोरडी राख पट्टीला लावली तर काहीच होत नाही, आणि वहीत ‘उदासीन’ असे लिहिले जाते. थांबलात तर पट्टी लालसर होते, पण सोड्याइतकी नाही. हा फरक म्हणजेच कल.

सिलिकाची वाळू पाण्यात दाद देत नाही, फॉस्फरसला शाळेत हात लावू नये. गंधक मुगाएवढेच जाळा, खिडक्या उघड्या ठेवा, दम्याचा त्रास असलेल्या मुलांना बाहेर बसवा. बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्या शेडजवळ राहणाऱ्यांना तो वास ओळखीचा असेल. वायूने ओला निळा लिटमस लाल होतो. हळदीची पट्टी पिवळीच राहते, आम्ल ओळखणे तिचे काम नव्हे.

मधला ॲल्युमिनिअम सर्वांत गमतीचा, आणि बहुतेक वेळा तोच फसतो. कपाटातली ॲल्युमिनाची (ॲल्युमिनिअम ऑक्साइडची) जुनी भुकटी घेऊ नका, खूप तापवलेली असेल तर ती विरल आम्लातही विरघळत नाही आणि अल्कलीतही नाही. तुरटीत ॲल्युमिनिअम असतेच; 5 ग्रॅम तुरटी 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यातले थोडे परीक्षानळीत घेऊन विरल अमोनिया थेंब थेंब घाला. पांढरा, जेलीसारखा साका (ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड) येतो. अमोनियाऐवजी कॉस्टिक सोडा भसकन ओतला तर साका येतो आणि लगेच विरघळतोही, मग मुले म्हणतात, ‘सर, काहीच झालं नाही.’ साका दोन नळ्यांत वाटा. एकीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत 8 टक्के कॉस्टिक सोडा, दोन्ही थेंबाथेंबाने, हलवत. दोन्ही नळ्या नितळ होतात, म्हणजे हा आम्लाशीही जुळतो आणि अल्कलीशीही.