जुन्या सायकलला बॉटल केज

नागपूरच्या उन्हात पाण्याशिवाय सायकल काढायची म्हणजे वेडेपणा आहे, मे महिन्यात सकाळी आठलाच फुटाळा तलावावर डोकं तापतं. पण ज्या काळ्या चोवीस इंची सायकलवर आपल्या बाबा लोकांनी अख्खं शहर पालथं घातलं तिच्यावर बाटली ठेवायला जागाच नाही. त्यांना लागायचीच नाही ना, चौकात पाणपोई असायची, ओलं लाल फडकं गुंडाळलेले रांजण, उतरायचं, ओंजळीनं प्यायचं, पुन्हा टांग मारायची.

आता सायकल तीच हवी आणि पाणीही सोबत हवं, तर केज, म्हणजे बाटली अडकवायची चौकट, लावायची कुठे? नव्या फ्रेमला त्यासाठी 64 मिमी अंतरावर दोन भोकं असतात, पाच मिमीचा बोल्ट बसतो, विषय संपला. जुन्या रोडस्टरला, म्हणजे या काळ्या सायकलला, ती नसतात. मिस्त्री लगेच म्हणतो, "भाऊ, ड्रिल मारून देतो ना, काय टेन्शन घेऊन राहिले?" मारू देऊ नका राजेहो! भोकातून पाणी आत शिरतं, पाइप आतून गंजतो, आणि ते भोक काही परत बुजत नाही. पाइपभोवती कसायचा क्लॅम्प घ्या, केज त्याच्यावर बसते, त्याच्या पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीतर सोनेरी लायनिंग खरवडून निघते आणि आपल्या सिमेंट रोडच्या जॉइंटवर धाडधाड आपटून क्लॅम्प हळूहळू खाली घसरतो.

1930 च्या दशकात टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे रायडर हँडलच्या पुढे दोन-दोन अॅल्युमिनियमच्या बाटल्या लावायचे, बुचाच्या झाकणाच्या, फोटोत लई भारी दिसतं. पण आपल्या हँडलवर ब्रेकच्या सळया, घंटी, कधी पिशवी, तिथे अजून काय कोंबणार, त्यात वजन पुढे आलं की हँडल वळवायला जड जातं. म्हणून खालचा तिरका पाइपच बरा.

आता केज कोणती. काळं प्लास्टिक नको, डोळ्याला खुपतं. अॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण बाटलीवर काळे ओरखडे उठतात, धुतले तरी जात नाहीत. मला गोल सळईची स्टेनलेस स्टीलचीच आवडते, क्रोमच्या हँडलशी जुळते आणि सैल झाली तर हातानं थोडी दाबता येते. जपानच्या निट्टो कंपनीची तर इतकी देखणी असते की बघत राहावं, फक्त किंमत घरी सांगायची नाही. आणि घेण्याआधी बाटली मोजा बरं, या केज साधारण 73-74 मिमी जाडीच्या सायकलिंग बाटलीसाठी बनतात, शाळेची बारीक स्टीलची बाटली त्यात रस्ताभर खडखडते.

सीटखालच्या पाइपवर पंप असेल तर तो मात्र हलवू नका, अमरावती रोडवर चाकातली हवा गेली तर बाटली काय कामाची.