सैनिकाच्या बापाला कुठं बसवायचं?

2022 साली लेकीनं अमेरिकन लीजनचं सभासदत्व घेतलं आणि दोनेक महिन्यांत आमच्या घरात मी सोडून सगळ्यांकडे कार्ड आलं.

लीजन ही इथल्या माजी सैनिकांची जुनी संघटना. पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919 साली, घरी जायची वाट बघत फ्रान्समध्ये थांबलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती पॅरिसमध्ये काढली. आमची लेक आर्मीत कॉम्बॅट मेडिक, म्हणजे लढाईत जखमींवर उपचार करणारी, होती, 2012 साली अफगाणिस्तानात. ती खरं तर असल्या कशात पडणारी नव्हे. फॉर्म जावयानं भरला, तिनं नुसती सही केली.

मग कळलं की घरच्यांसाठी वेगळ्या शाखा आहेत. ऑक्झिलरीत आई, आजी, बहीण, मुलगी, बायको, आणि 2019 पासून नवरासुद्धा. 'सन्स'मध्ये मुलगे, नातू. वयाची अट नाही. म्हणजे आमच्या हिला कार्ड, जावयाला कार्ड, आणि ज्याला अजून धड बसता येत नव्हतं त्या नातवालाही कार्ड. मी फॉर्म तीनदा वाचला. बाप कुठल्याच रकान्यात नव्हता.

लीजनच्या हॉलमध्ये फॉर्म घेणाऱ्या टेबलामागच्या बाई बिचाऱ्या माझ्यापेक्षा जास्त ओशाळल्या. म्हणाल्या, "तुमचे वडील सैन्यात होते का?" होते की! जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, डिसेंबर 1971 ला, बांगलादेशच्या लढाईत, जमालपूरला. पण ते सैन्य भारताचं. बाई हसल्या, मीही हसलो.

माझं गाव सातारा तालुक्यात, अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावापासून फार लांब नाही. आमच्याकडं पोरगा दहावी झाला की शेजारीपाजारी आधी त्याच्या छातीचं माप विचारतात. मी कोल्हापूरच्या भरतीत त्याच मापात बसलो नाही. दीड सेंटीमीटर कमी. अण्णा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत, एसटीत खिडकीची जागा मला दिली एवढंच. पुढं डिप्लोमा, पुणे, मग इकडं ओहायोत डेटनजवळ. थोडक्यात, मी आधी फौजीचा पोरगा आणि आता फौजीचा बाप. मधली पायरी गाळलेली.

तर बापाची सोय झाली व्हीएफडब्ल्यूमध्ये. परदेशातल्या लढायांत गेलेल्यांची ही संघटना, तिचं मूळ 1899 सालचं, आणि तेही आमच्याच ओहायोत, कोलंबसला. हिच्या ऑक्झिलरीत आधी बायकाच असत. दहा-एक वर्षांपूर्वी पुरुषांनाही दार उघडलं. बाप, आजोबा, भाऊ, नवरा, सगळे चालतात. वय सोळा पूर्ण हवं आणि नागरिकत्व अमेरिकेचं हवं. नातवाला इथं प्रवेश नाही, हे मी घरी जरा जोरातच सांगितलं.

कागद एकच लागतो, लेकीचा डीडी-214. आपल्याकडं डिस्चार्ज बुक असतं तसा सैन्यातून सुटल्याचा दाखला. तिनं तो नातवाच्या लसीकरणाच्या कागदांखालून काढला आणि "हरवू नको" म्हणून हातात दिला. मी गाडीत बसून वाचला. तेराव्या रकान्यात पदकांची यादी असते. त्यात लिहिलं होतं, कॉम्बॅट मेडिकल बॅज. हा बॅज नुसतं मेडिक असून मिळत नाही, गोळीबार चालू असताना काम केलेलं असावं लागतं, हे मी त्याच रात्री शोधून वाचलं. वर्षभर फोनवर ती आम्हाला सांगायची, "दवाखान्यातच असते, बाबा. एसी आहे." मी हिला अजून सांगितलेलं नाही. ही मराठी वाचते, त्यामुळं आता कळेलच.

पहिल्या सभेला उजवा हात वर करून शपथ घेतली. नंतर कळलं की खरं काम सभेत नसतं, मागच्या स्वयंपाकघरात असतं. ईस्टरआधीच्या दर शुक्रवारी मासे तळायचे, हॉल भरतो, त्या पैशातून आजारी माजी सैनिकांना मदत जाते. मी पीठ भिजवायला असतो. त्यांच्या पिठात ओवा नसतो; एकदा मी चिमूटभर टाकला, कुणाच्या लक्षात आलं नाही. बटाटे सोलायला माझ्याशेजारी व्हिएतनामला जाऊन आलेले एक आजोबा बसतात. त्यांना मी एकदा विचारलं, लेक काहीच बोलत नाही, काय करू? ते म्हणाले, "माझ्या बापानं रोज विचारलं. तू विचारू नकोस." आणि बादली माझ्याकडं सरकवली.

हॉलच्या कोपऱ्यात एक छोटं गोल टेबल कायम मांडलेलं असतं. पांढरं कापड, एक गुलाब, मेणबत्ती, पालथा ग्लास, रिकामी खुर्ची, आणि बशीत लिंबाची चकती न् चिमूटभर मीठ. मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्यासारखं पान वाढायला घेतलंय. मीठ वाढलं, लिंबू वाढलं, आणि मध्येच उठून गेलं. ते टेबल बेपत्ता आणि युद्धकैद्यांसाठी असतं. लिंबू म्हणजे नशिबातला कडवटपणा, मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू, असं तिथं सांगतात. माझ्या डोळ्यांपुढं मात्र आमची आई आली. 71 च्या डिसेंबरात पोस्टमन गल्लीत शिरला की ती हातातलं काम टाकून दारात यायची, आणि तो पुढं गेला की पुन्हा आत जायची. तिला असली शाखाबिखा नव्हती. विहिरीवर तिच्यासारख्या आणखी दोघीतिघी होत्या, तेवढंच.

लिंबू बदलायचं काम मी मागून घेतलं.

गेल्या नोव्हेंबरात लेक पहिल्यांदाच मला न्यायला आत आली, एरवी ती गाडीतच थांबते. मी अॅप्रन सोडत होतो. ती त्या टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली. मी काही विचारलं नाही. मग तिनं बशीतली चकती बोटानं उचलून बघितली आणि म्हणाली, "बाबा, हे वाळलंय. सुरी कुठंय?"