चारही आले की!

"मॅडम, चारही आले की! काढू ना नळी?"

टाके घालून झाले होते, सर्जन हातमोजे काढून बाहेर. ऑपरेशनसाठी दिलेल्या, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरला का, हे बघूनच श्वासाची नळी काढायची; ते काम माझं, भूलतज्ज्ञाचं. पेशंटच्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला, अल्नर नर्व्हवर दोन चिकटपट्ट्या. दोन सेकंदांत विजेचे चार बारीक झटके. अंगठा चार वेळा तळहाताकडे वळला. मलाही चारही सारखेच दिसले.

दिसले, एवढंच. मॉनिटरवर आकडा होता ०.६. म्हणजे चौथं आकुंचन पहिल्याच्या साठच टक्के. ०.४ च्या पुढे हा फरक डोळ्यांना कळतच नाही, आणि नळी काढायला निदान ०.९ तरी हवा.

"पण श्वास तर छान घेताहेत," ज्युनिअर म्हणाला. घेतीलच. श्वासपटल आधी शुद्धीवर येतं, घशाचे स्नायू मागून रेंगाळत येतात. नळी काढल्यावर जीभ मागे पडली, थुंकी श्वासनलिकेत गेली, तर त्या छान श्वासाचं काय करायचं?

स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवणारं निओस्टिग्मिन देऊन झालं होतं. त्याला वेळ लागतो, दहा मिनिटंसुद्धा. थांबलो. ओटीत सगळ्यांना घाई असते, मला सोडून (म्हणजे तसं दाखवावं लागतं). ०.७. ०.८. बराच वेळ ०.८ च. मग ०.९३.

नळी काढली. पेशंट खणखणीत खोकले. इतका गोड खोकला!

घरी येताना मात्र ते "चारही आले की" डोक्यातून जाईना. हा आकडा दाखवणारं मशीन येण्याआधी मीसुद्धा "डोकं उचला, पाच सेकंद धरा" एवढ्यावरच नळ्या काढल्यात. त्यातले किती ०.६ वर असतील?