आमची वाटचाल : तीन मिलिमीटरचा हिशेब

आमचे पहिले लाकडी कॅबिनेट घरातल्याच एका खोलीत, स्वतःच्या संगणकासाठी, जुन्या सागवानी दाराच्या फळ्यांतून तयार झाले. तेव्हा हत्यारे म्हणजे एक रंधा, दोन पटाश्या, एक गुण्या आणि उसना आणलेला जिगसॉ, एवढीच होती. त्यांपैकी गुण्या अजून वापरात आहे. या धंद्यात काटकोन अर्ध्या अंशाने चुकला तर टेबल-खुर्चीत तो लपवता येतो, पण मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, चढवताना लपत नाही. म्हणून नवीन माणूस कामावर आला की आम्ही त्याला पहिला आठवडा फक्त गुण्या लावून फळ्या तपासायला बसवतो. ज्यांना घरी असे कॅबिनेट करायचे आहे त्यांनीही राऊटरवर (लाकडात खाचा कोरण्याच्या यंत्रावर) पैसे घालण्याआधी चांगला गुण्या घ्यावा.

ओळखीच्यांकडून मागणी येऊ लागली आणि आम्ही चौदा कॅबिनेटांची पहिली खेप हाती घेतली. हीच खेप आम्हाला बुडवणार होती. लाकूड उत्तम होते, सांधे डोव्हटेलचे होते आणि पॉलिश आरशासारखे उतरले होते. चूक एवढीच, की दिसायला छान म्हणून बाजूच्या फळीची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, आम्ही आडवी ठेवली, पाठीच्या फळीची उभी ठेवली, दोन्ही सरसकट गोंदाने चिकटवल्या आणि मदरबोर्डचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) थेट बाजूच्या फळीत पिळून बसवले. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण रेषेला आडवे मात्र वाढते. साडेचारशे मिलिमीटर रुंदीची फळी दमट हवेत तीनेक मिलिमीटर सहज फुगते. एटीएक्स या प्रमाणित मापाचा मदरबोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा असतो आणि तो काही फुगत नाही. पाठीवरच्या कार्डांच्या खाचा २०.३२ मिलिमीटरच्या अंतराने कापलेल्या असतात. तिथे एक मिलिमीटरचा फरकही कार्डाला स्लॉटमधून उचलायला पुरतो.

हवा दमट झाल्यावर नेमके तेच झाले. बाजूच्या फळीने पोट काढले, तिच्याबरोबर बोर्ड वाकला आणि ग्राफिक कार्डे एका टोकाने वर आली. चौदांपैकी नऊ कॅबिनेटे परत आली. त्यांपैकी एक उघडले तेव्हा बोर्डाच्या कोपऱ्यातला स्क्रू इतका तिरका झाला होता की स्क्रूड्रायव्हर त्यावर सरळ बसेना. पैसे परत करण्यात शिल्लक संपली, राऊटर विकावा लागला आणि घरच्यांनी नोकरीच्या जाहिराती टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

त्याच काळात आमचा माल विकणाऱ्या एका विक्रेत्याने आमची मापे घेतली, साध्या पत्र्याच्या कॅबिनेटवर अर्ध्या मिलिमीटरचे विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवले आणि ते ‘अस्सल लाकडी’ म्हणून विकायला काढले. त्यावर तो ग्राहकांना सांगत असे की, आमची लाकडी कॅबिनेटे पेट घेतात. लाकूड पेटण्यासाठी साधारण २५० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागते, तर कॅबिनेटच्या आतली हवा चाळीस-पन्नास अंशांवर खेळते. पण हे शांतपणे ऐकून घेणारा ग्राहक विरळाच. त्याचे एक बोलणे मात्र खरे होते, आणि ते मान्य करायला आम्हाला बरीच वर्षे लागली. पूर्ण लाकडी कॅबिनेटमध्ये मदरबोर्डभोवती धातूचे कवच राहत नाही आणि एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बॉडीशी बोर्डाला जोडणारा पत्राही राहत नाही.

आम्हाला सावरले ते एका ग्राहकाने. ते ध्वनिमुद्रणाचे काम करत आणि मायक्रोफोनच्याच खोलीत चालेल असा, कमी आवाजाचा संगणक त्यांना हवा होता. त्यांचेही कॅबिनेट फुगले होते, पण ते परत करण्याऐवजी त्यांनी बाजूची फळी गोंदापासून सोडवली, दर महिन्याला फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फट मोजली आणि तो आकडा तारखेसह फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहून ठेवला. वर्षभराने त्यांनी ती फळी आमच्यासमोर टेबलावर ठेवली. बारा ओळींच्या त्या आकड्यांत फळी कधी फुगते, कधी आकसते आणि किती, हे सगळे होते.

त्या फळीवरून आमची आजची रचना बसली. मदरबोर्ड, पाठीचा भाग आणि एसएमपीएस हे सगळे दोन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ट्रेवर चढते, त्यामुळे मापे धातू सांभाळतो आणि अर्थिंगही नीट राहते. लाकडी फळ्या खाचेत सैल बसतात, गोंद फक्त मध्यावर लागतो आणि ट्रे फळीला जिथे जोडला जातो तिथली भोके, मधले एक सोडून, लांबट असतात. पंख्यासाठीही असाच विचार करावा लागला. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधले अंतर १०५ मिलिमीटर असते, पण त्याचे नेहमीचे आखूड स्क्रू जाड फळीत पुरेसे धरत नाहीत. म्हणून तेवढ्या भागात फळी मागून खोलवर कोरून तीन मिलिमीटरची ठेवतो आणि भोकाच्या कडा गोल करतो. आतही पत्राच वापरता, मग फरक काय, असे तो विक्रेता अजून विचारतो. त्याच्या मालात लाकूड पत्र्याला चिकटलेले असते. आमच्याकडे ते पत्र्यापासून मोकळे असते.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही. घरी जवसाच्या तेलाचे पॉलिश करणाऱ्यांना मात्र एक सांगतो: तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वाळवताना ती मोकळ्या हवेत पसरून ठेवा. विक्रेत्याची आगीची भीती खरी ठरलीच, तर ती कॅबिनेटमुळे नव्हे, अशा फडक्यांमुळे ठरेल.

मध्यंतरी ध्वनिमुद्रणवाले ग्राहक त्यांचे तेच पहिले कॅबिनेट घेऊन आले. नवा मदरबोर्ड बसवायचा होता. आम्ही नंतर चढवलेल्या ट्रेवर तो एकही नवे भोक न पाडता बसला. बाहेरचे पॉलिश उडाले होते, म्हणून फळी घासायला घेतली, तेव्हा त्यांनी आम्हाला थांबवले आणि आतल्या बाजूच्या पेन्सिलीच्या आकड्यांवर पॉलिश पेपर फिरवायचा नाही, असे बजावले.