२ मे: त्सुकिजी ते मिउरा, हिदेच्या चाहत्यांसोबत

तोक्योतलं त्सुकिजी होंगानजी हे बौद्ध मंदिर बाहेरून पाहिलं की मराठी माणूस दोन मिनिटं थबकतोच. दर्शनी कमान थेट कार्ल्याच्या चैत्याच्या जातकुळीतली. हा योगायोग नाही. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जुनं मंदिर जळालं आणि नवं बांधणारे वास्तुकार इतो चूता त्याआधी भारतात फिरून इथल्या प्राचीन वास्तू पाहून गेले होते. १९३४ साली हे मंदिर उभं राहिलं. जिन्याच्या कठड्यांवरचे हत्ती आणि माकडं बघायला विसरू नका.

पण २ मे रोजी इथे येणारे बहुतेक लोक वास्तुकलेसाठी येत नाहीत. एक्स जपान या बँडचा गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजी गेला. वय ३३. ७ मेला त्याचा अंत्यविधी याच मंदिरात झाला आणि सुमारे ५०,००० लोक लोटले. तेव्हा शाळा-कॉलेजात असलेल्या मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्या अजून येतात.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: योशिकी आणि तोशी या चिबाच्या किनाऱ्यावरच्या तातेयामा गावातल्या बालमित्रांनी १९८२ मध्ये 'एक्स', म्हणजेच पुढचा एक्स जपान, सुरू केला. आकाशाला भिडणारे केस, रंगवलेले चेहरे, सुसाट मेटल आणि मध्येच पियानोवरची संथ गाणी. १९८९ च्या 'ब्लू ब्लड' अल्बमवर 'व्हिज्युअल शॉक' असं घोषवाक्य होतं. त्यातूनच पुढे या सगळ्या पंथाला 'व्हिज्युअल केइ' हे नाव चिकटलं. लुना सी, बक-टिक, कुरोयुमे, मालिस मिझेर हे त्याच काळातले बँड.

मंदिरात प्रवेश फुकट आहे. हिबिया लाइनच्या त्सुकिजी स्टेशनातून एक नंबरच्या दारानं बाहेर पडलात की समोरच. निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या लोकांना तर फारच सोपं: तोझाई लाइननं कायाबाचो, तिथे गाडी बदलून दोन स्टेशनं. मुख्य सभागृहात हिदेसाठी एक छोटा कोपरा राखलेला आहे. फोटो असतो आणि चाहत्यांनी लिहायच्या वह्या. मी मराठीत चार ओळी लिहिल्या; शेजारी कोरियन, स्पॅनिश, थाई सगळं होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं की त्या दरवर्षी नोकरीतून अर्धी रजा टाकून येतात आणि मुलाच्या परीक्षेचा निकालसुद्धा वहीत लिहितात. हे मंदिर चालतं-बोलतं आहे, प्रार्थना सुरू असतील तर मागे बसून राहा. सभागृहात पाइप ऑर्गनही आहे, १९७० साली देणगीतून आलेला. महिन्यातून एकदा दुपारी त्यावर विनामूल्य कार्यक्रम होतो, तारीख जुळली तर सोडू नका.

पुढे मिउरा. हिदे योकोसुकाचा, आणि त्याची समाधी त्याच द्वीपकल्पावर मिउरा रेइएन या दफनभूमीत आहे. त्सुकिजीहून चालत हिगाशी-गिंझा गाठा. तिथली आसाकुसा लाइन पुढे केइक्यू या खासगी रेल्वेच्या रुळांवर जाते. मिसाकिगुची या शेवटच्या स्टेशनाची थेट गाडी मिळाली तर बदलायची कटकटच नाही; उतरायचं मात्र मिउराकाइगानला. शिनागावापासून मिउराकाइगान स्टेशन तासाभराहून थोडं जास्त, भाडं हजार येनच्या आत. स्टेशनहून मी टॅक्सी केली. वाटेत कोबी-मुळ्याची शेतं लागतात. मिउराचा मुळा जपानभर प्रसिद्ध आहे, आणि मिसाकी बंदर ट्यूना माशासाठी. मासे खात असाल तर केइक्यूचं 'मिसाकी मागुरो' तिकीट काढा: येण्याजाण्याचा प्रवास, बस आणि ट्यूनाचं जेवण एकत्र. शाकाहारी मंडळींनी मात्र तोक्योहूनच उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, बांधून घ्यावी.

दफनभूमीत काय करायचं ते समोरच्याचं बघून करा. बादली आणि पळी घेऊन दगडावर पाणी घालतात, उदबत्तीची जुडी लावतात. फुलं ठेवली तर चालतात, पण खाण्याचे पदार्थ आणि बिअरचे डबे नमस्कार झाल्यावर परत घेऊन जायचे, नाहीतर कावळे धिंगाणा घालतात. मला या सगळ्यात सर्वांत भावलं ते हेच. गुलाबी केसांच्या, चामड्याच्या जाकिटातल्या दोन बायका आजूबाजूच्या अनोळखी कबरींजवळची सुकलेली पानंही वेचत होत्या. आपल्यामुळे शेजारच्यांना त्रास नको, म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याला कुणी हाकलणार नाही, असा हा रोखठोक हिशोब. बँडवरचं प्रेम इतकी वर्षं टिकायचं तर अशीच शिस्त लागते, नुसत्या अश्रूंनी भागत नाही. इतरांच्या कबरींचे फोटो काढू नका, आणि मोठ्याने गाणी तर मुळीच लावू नका.

एक व्यावहारिक अडचण: ३ मेपासून सलग सुट्ट्या. हॉटेलं महाग होतात, गाड्या भरतात. खोली फार आधी धरा. गर्दी नकोच असेल तर फेब्रुवारीत या. मिउराकाइगानला लवकर फुलणारी कावाझू साकुरा त्याच वेळी असते.

संध्याकाळी शिंजुकूत परतून तळघरातल्या एका लाइव्ह हाऊसमध्ये (बँडच्या कार्यक्रमांचं छोटं सभागृह) नव्वदच्या दशकातली गाणी वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम ऐकला. तिकिटावरच्या क्रमांकाप्रमाणे आत सोडतात, त्यामुळे आपला आकडा जपानीत ऐकू आला पाहिजे. दारात पेयाचे साधारण ६०० येन वेगळे द्यावे लागतात, सुटे ठेवा. पाठपिशवी लॉकरमध्ये. फोन बंद, चित्रीकरण नाही म्हणजे नाही. प्रेक्षकांत बायकाच जास्त, आणि हातांच्या ठरलेल्या हालचाली सगळ्यांच्या एकदम होतात. पहिल्यांदा जात असाल तर मागच्या बाजूला उभे राहा, तिथून त्या नीट दिसतात. इअरप्लग औषधांच्या दुकानात मिळतात. कोविडच्या काळात काही जुनी लाइव्ह हाऊस बंद झाली, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतल्या पत्त्यांवर विसंबू नका.

सीडी हव्यात तर जुन्या वस्तूंच्या दुकानांत जा. नव्वदच्या दशकातले लोकप्रिय अल्बम इतके छापले गेले की ते काहीशे येनमध्ये पडलेले असतात. आठ सेंटीमीटरच्या छोट्या सिंगल सीडी लांबट पाकिटात येतात. लॅपटॉप सीडी आत ओढून घेणारा असेल तर त्या त्यात घालू नका. हिदेची पिवळ्या रंगावर हृदयं रंगवलेली गिटार मात्र स्वस्तात मिळेल ही आशा सोडा. ती बनवणारी फर्नांडेस कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर शिंजुकूहून ओदाक्यू लाइननं हादानोला जा. लुना सी बँडमधले इनोरान आणि 'जे' हे दोघे तिथले. त्या स्टेशनात लुना सीच्या 'रोझिया' आणि 'आय फॉर यू' या गाण्यांच्या धून वाजतात. एखादी गाडी सोडून द्या, दोन्ही ऐका आणि मगच बाहेर पडा.