संकासूर चुकवू नये

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचं संमेलन दरवर्षी डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या रविवारी असतं. दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्च, दहावी-बारावीच्या पोरांचे सत्कार, पाहुण्यांचे 'दोन शब्द' (वीस मिनिटांचे) हे सगळं सगळ्यांकडे असतं तसंच. त्यावर शाई घालवत नाही. नंतर दशावतार (आमच्याकडचं पौराणिक लोकनाट्य) सुरू होतो, पडद्याआडून पखवाजावर थाप पडते आणि मागच्या रांगेतल्या आजीबाई चष्मा पुसायला घेतात, तिथून लिहायचं.

थंडीत मुंबईला दशावतार आणायचा म्हणजे आधी पंचांग घेऊन बसावं लागतं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, आणि प्रत्येक गावची जत्रा तिथीवर. रविवार बघून जत्रा ठरत नाही. दशावतारी नाटक कंपनीची माणसं रोज रात्री वेगळ्या देवळात. मुंबईचा एक प्रयोग म्हणजे जाण्यायेण्याच्या धरून त्यांच्या दोन-तीन रात्री जातात. म्हणून तारीख गणपतीत गावी गेल्यावरच पक्की करायची आणि बिदागीत त्या बुडालेल्या रात्री धरायच्या. दिवाळीनंतर फोन केला तर फक्त "बघतो" ऐकायला मिळतं.

पूर्वी चाळीच्या पटांगणात रात्रभर नाटक चाले. आता उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही. बंदिस्त सभागृहाला ती अडचण नसली, तरी तिथे सत्राचं घड्याळ डोक्यावर. गिरणगावातल्या मंडळांना परळचं दामोदर नाट्यगृह घरासारखं होतं. ते 2023 साली पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि तेव्हापासून मिळेल तिथे जायचं.

कंपनीची दहा-बारा माणसं सकाळी उतरतात. पहिला उतरतो पेटारा. त्यात गणपतीचा लाकडी मुखवटा असतो, त्यामुळे पेटारा पायरीवर किंवा दारात ठेवायचा नाही. आत पाटावर ठेवून नारळ, अगरबत्ती. मग डाळभात, कारण रंग चढल्यावर चहाशिवाय काही नाही. प्रत्येक जण आपापल्या ट्रंकेसमोर हातआरसा घेऊन स्वतःच रंगतो. दीड-दोन तास लागतात. रंग उतरवायला खोबरेल लागतं. सगळ्यांत मिळून अर्धा लिटर, पण बाटली रंगपटात (रंगण्याच्या खोलीत) घेण्याआधी कोमट पाण्यात धरावी. जानेवारीत ते थिजलेलं निघतं आणि ऐनवेळी कोणी बोटाने उकरत बसत नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. मूठभर पुरते, पण ती ओली राहायला हवी. थंडीतली कोरडी हवा आणि वर वातानुकूलन, की तासाभरात थर सुकून तडकतो, खर्ज जातो आणि राक्षसाच्या प्रवेशाला डबा वाजवल्यासारखं ऐकू येतं. म्हणून रंगमंचावरचा एसी बंद ठेवायला सांगावं, आणि वादकाशेजारी पाण्याची वाटी व ओल्या फडक्यात बांधलेला जादा गोळा ठेवावा. चक्की, म्हणजे झांज, हिच्यासमोर माइक ठेवूच नये. बंद सभागृहात ती तशीच पेटीला गिळते. नटांसाठी वरून टांगलेले दोन माइक पुरे. जमिनीवर माइक ठेवला तर संवादाऐवजी पायांचे ठोके ऐकू येतात.

नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. राजा त्यावर उडी मारून चढतो, त्यामुळे घडीचं टेबल चालत नाही. नाट्यगृहाच्या गुळगुळीत फळ्यांवर बाकडंही सरकतं. पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले की हलत नाही.

आख्यान, म्हणजे मुख्य कथा, कुठलं हे रंगपटातच ठरतं. लिहिलेली संहिता नाही. कोण राजा, कोण ऋषी, कोण स्त्रीपार्टी (बाईची भूमिका करणारा पुरुष) एवढं वाटून घेतलं की पुढचं सगळं रंगमंचावर. पण त्याआधी पूर्वरंग, ज्याला आड दशावतार म्हणतात. गणपती, ऋद्धी-सिद्धी, पूजेला आलेला भट, सरस्वती, ब्रह्मदेव आणि मग वेद चोरणारा संकासूर. जत्रेत याला तास सहज जातो. मुंबईत वेळ नाही म्हणून कार्यकारिणीत दरवर्षी कोणीतरी सुचवतं, "गणपती दाखवा आणि थेट आख्यान घ्या." याला आमचा विरोध होता, आहे. कापायचंच असेल तर पाहुण्यांचे दोन शब्द कापा.

कारण संकासूर अंगभर काळा येतो आणि थेट प्रेक्षकांशी मालवणीत बोलतो. बाकीचे देव शुद्ध बोलतात, हा आपला. आधी नुसती चेष्टा, कोणाच्या टकलाची, कोणाच्या मोबाइलची. मग सहज विचारल्यासारखं, "घराक कुलूप लावन इलास, देवाकडे दिवो कोण लावतलो?" सभागृह हसतं. वरच्या सज्जातून उत्तर येतं, "शेजारचो लावता!" पुन्हा हशा, आणि त्या हशाच्या शेवटी एक पोकळी राहते, क्षणभराचीच. पेटीवाला ती ओळखतो. तो सूर धरून ठेवतो, पुढे जात नाही. हा प्रश्न कोणी लिहून दिलेला नसतो, दरवर्षी वेगळा असतो, आणि दरवर्षी तिथेच घसा दाटतो. पुढे आख्यानात स्त्रीपार्टीचा विलाप होतो, तोही रडवतो. पण तो राणीचा. हा प्रश्न आपल्याला असतो.

आणि नेमके तेव्हा निम्मे सभासद बाहेर वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खात असतात! 1982 च्या गिरणी संपानंतर माणसं डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला पांगली, शेवटच्या लोकलची काळजी असते, हे कबूल. म्हणून तर प्रयोग दुपारच्या सत्रात आणला. तरी हळदीकुंकवाला रांग आणि पूर्वरंगाला रिकाम्या खुर्च्या. वर्गणी भरणाऱ्यांपैकी काही जण फक्त वाणाच्या वेळी दिसतात. नावं लिहीत नाही. त्यांना ठाऊक आहे.

ऋणं बरीच आहेत. पहाटे टेम्पो आणणारे भाऊ, बालवाडीचं बाकडं देणाऱ्या बाई, कणीक भिजवून आणणाऱ्या वहिनी, दहा किलो काळे वाटाणे आदल्या दुपारीच भिजत घालणाऱ्या मावशी (थंडीत रात्रीची भिजवण पुरत नाही, दाणा कडक राहतो), माइकवाल्याशी दरवर्षी भांडणारे खजिनदार, पडदा ओढणारी दोन मुलं, खोबरेल उधार देणारे दुकानदार, चपलांजवळ बसणारे काका. पाण्याचे जार वर चढवणारे राहिलेच होते. अजून कोणी सुटलं असेल तर पुढच्या सभेत जाब विचारावा.

शेवटी दहीकाला. जत्रेत तो उजाडता होतो, आमच्याकडे पावणेआठला. लहानसं मडकं, त्यात दही-पोहे, आणि खाली ताडपत्री दुहेरी, कारण फळ्यांवर दही सांडलं की अनामत रकमेतून पैसे कापतात. मडकं फुटतं, पोरं पुढे धावतात. तोवर रंगपटात पेटारा बांधून झालेला असतो, आणि टेम्पोवाले भाऊ त्याच्यासाठी हौद्यात गादी पसरत असतात.