एडी रॉबिन्सन : मैदान पण स्वतःच आखणारा कोच

आमच्या कॉलेजात कबड्डीची मॅच असली की पहाटे उठून स्वतः फक्की मारणारे सर होते, त्यामुळे अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फुटबॉल कोच एडी रॉबिन्सनबद्दल वाचताना 408 विजयांच्या आकड्याआधी माझी नजर अडकली ती, हा माणूस मैदानावरचं गवत पण स्वतः कापायचा आणि पट्टे पण स्वतःच आखायचा, या गोष्टीवर.

फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल बरं का, हेल्मेट घालून खेळतात ते. गाव ग्रॅम्बलिंग, लुइझियाना. 1941 साली तिथल्या काळ्या मुलांच्या कॉलेजला कोच हवा होता आणि रॉबिन्सन तेव्हा 22 वर्षांचा, बाप दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस करायचा, आई लोकांकडे घरकाम, आणि हा पदवी घेऊन सुद्धा पशुखाद्याच्या मिलमध्ये तासाला 25 सेंटवर राबत होता. पगार ठरला महिन्याला 63 डॉलर 75 सेंट. पोरांच्या घोट्यांना टेप हाच बांधणार, मॅचची बातमी पेपरला हाच लिहून देणार, बाहेरगावी जाताना सँडविच पण हाच करून घेणार, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलात या पोरांना बसूच देत नव्हते. हे वाचून मला खरंच गलबलून आलं.

पहिल्या सीझनला 3 जिंकल्या, 5 हरल्या. आणि 1942 ला 9 पैकी 9, त्यात समोरच्या एकाही टीमला सीझनभर एक पॉइंट सुद्धा नाही! मग दुसऱ्या महायुद्धामुळे दोन वर्षं टीमच बंद.

1949 ला त्याचा खेळाडू टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्स या प्रो टीमकडे गेला, काळ्यांच्या कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, पोचलेला पहिला खेळाडू, आणि मग 200 च्या वर पोरं प्रो झाली. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती डग विल्यम्सची गोष्ट. त्या काळी काळा पोरगा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमची चाल ठरवून बॉल फेकणारा, असला की प्रो टीमवाले त्याला दुसऱ्याच जागेवर खेळवायचे, म्हणजे डोकं लावायचं काम याला जमणार नाही असंच धरून चालायचे. रॉबिन्सनने ग्रॅम्बलिंगला त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच घडवला आणि जानेवारी 1988 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, त्याच डगने वॉशिंग्टनकडून डेन्व्हरला 42-10 ने लोळवलं, एमव्हीपी, म्हणजे सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू पण तोच.

त्याआधी 1985 च्या ऑक्टोबरात डॅलसला 324 वी मॅच जिंकून रॉबिन्सनने अलाबामाचा कोच बेअर ब्रायंटचा कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वाधिक विजयांचा रेकॉर्ड मोडलेला. तेव्हा काही जण म्हणायचे की छोट्या टीम्सविरुद्धचे विजय आहेत हे. अरे पण मोठ्या गोऱ्या कॉलेजांनी कित्येक वर्षं यांच्याशी खेळायलाच नकार दिला, त्यात याची काय चूक? आणि पुढे त्याच कॉलेजांची दारं काळ्या पोरांसाठी उघडली तेव्हा जी पोरं आधी ग्रॅम्बलिंगला आली असती ती तिकडे जायला लागली. शेवटचे तीन सीझन, 1995 ते 97, हरण्यातच गेले त्याचे, पण त्यावरून माणसाला मोजू नये असं माझं ठाम मत आहे.

56 वर्षं एकाच कॉलेजात. 408 विजय, 165 पराभव, 15 बरोबरी. 1997 ला निवृत्त झाला आणि पुढच्या सीझनला त्याच्या जागी कोच म्हणून उभा राहिला डग विल्यम्स.